नामावळी आणि अकरा फोन

भाद्रपद लागला की आमच्या जिन्याखाली कांद्याचं पोतं येऊन पडायचं, आणि चातुर्मास चालू असल्यामुळे घरात कांद्याला हात लावणारं कोणी नसायचं. कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन ज्याला निरोप दिलेला, तोच असा पोत्यात बसून परत यायचा. आणणारे नामपूरचे दगाजी आबा. त्यांना चातुर्मास माहीत नव्हता असं नाही, पण नामपूरच्या माणसानं रिकाम्या हाती यायचं कसं, आणि हातात काही घ्यायचं तर कांद्याशिवाय दुसरं काय घ्यायचं. आई दर वर्षी म्हणायची, "आबा, कार्तिकात आणा की हो." आबा दर वर्षी मान डोलवायचे. मग कार्तिकी एकादशीपर्यंत जिन्यातून वर-खाली करताना आम्ही सोवळ्याओवळ्याची माणसं त्या वासातून जायचो, आणि द्वादशीला पोतं सोडावं तर निम्म्या कांद्यांना हातभर कोंब आलेले असायचे. त्या कोंबांची आई पीठ पेरून भाजी करायची. तशी भाजी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही.

माझे वडील, अण्णा, पंचवटीत रामकुंडावर उपाध्ये होते. घाटावर आलेल्या यात्रेकरूला आमच्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो गाव कोणतं आणि आडनाव काय. एवढं कळलं की तो कोणाचा यजमान ते ठरलेलंच असतं. बाकीचे उपाध्ये त्याला ज्याच्या-त्याच्या घराकडे बोट दाखवतात, स्वतः हात लावत नाहीत. नामपूर आणि आसपासची गावं आमच्याकडे. त्यांचे पणजे-खापरपणजे आमच्याच पूर्वजांकडे येऊन गेलेले, आणि तसं नामावळीत लिहिलेलं. नामावळी म्हणजे लाल बासनात बांधलेल्या जाडजूड वह्या. यजमान आला की त्याच्या कुळाचं पान काढायचं, मागच्या खेपेनंतर घरात जे जन्मले, ज्यांची लग्नं झाली, जे गेले, ती नावं लिहायची आणि खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. खापरपणज्याचा अंगठा बघून धिप्पाड माणसं आमच्या ओसरीवर रडलेली मी पाहिली आहेत.

आता यात आमचं पोट कसं चालायचं ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. यजमान यायचे ते मुक्कामालाच. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्याच. पहाटे बंबातलं गरम पाणी, चहा, विधी आटोपला की आईच्या हातचा वरण-भात, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. याचा कुठेही दर नाही. कोणी जाताना दक्षिणा चांगली ठेवायचा, कोणी नुसता नमस्कार ठेवायचा. नमस्कार ठेवून गेलेल्याचा मुलगा दहा वर्षांनी यायचा आणि बापाचंही मिळून देऊन जायचा. आई पानं वाढताना कधी हात आखडता घ्यायची नाही. आमच्या घरात सकाळपासून तांब्या-बादल्यांचा आवाज, जिन्यावर अनोळखी पावलं आणि वरून कोणाचं तरी बाळ रडतंय, असंच चालायचं. मी त्यातच अभ्यास केला, त्यातच बी.कॉम. झाले आणि त्यातच एक दिवस जाहीर केलं की मला कॉलेज रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात नोकरी लागली आहे.

ते दिवस मोबाइल नवलाचा होता तेव्हाचे. मोठा व्यापारी किंवा डॉक्टर कमरेला फोन लावायचा आणि कमरेकडे लोक बघताहेत ना, ते बघायचा. अशात आमच्या कंपनीनं पाचशे रुपयांत फोन द्यायला काढला. काचेचा दरवाजा, एसी, आम्हा मुलींना निळे टी-शर्ट. अण्णांनी टी-शर्ट पाहून फक्त एवढंच म्हटलं, की पाठीवर कंपनीचं नाव लिहून घेण्याइतका पगार देतात का. मला तो टी-शर्ट फार आवडायचा. पंचवटीच्या गल्लीतून तो घालून मी निघाले की मला वाटायचं, माझी मीच वरात काढली आहे.

फोनचं पहिलं खोकं मी घरी आणलं तेव्हा अण्णा जेवत होते. ताकाची वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "वसू, दहा हजारांची वस्तू पाचशेत देणारा माणूस एक तर चोर किंवा संत. तुझे साहेब कोण?"

मी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं सांगितलं. फोनची खरी किंमत कंपनी आधी स्वतः भरते. गिऱ्हाइकानं तीन वर्षांचा करार करायचा आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरायचं, त्या बिलातून कंपनीचं हळूहळू वसूल होतं. पण गिऱ्हाईक स्वस्तातला फोन घेऊन उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं तर ही कंपनी बुडाली. म्हणून फोन बांधलेला असतो. नंबर त्याच्या पोटातच भरलेला, दुसऱ्या कंपनीचं कार्ड त्यात बसतच नाही. फोन लॉक आहे म्हणतात तो हा असा.

अण्णा ऐकता ऐकता हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आईनं पाणी दिलं. "अगं, हा तर आपलाच धंदा," ते म्हणाले. "आधी खोली द्यायची, गरम पाणी द्यायचं, जेवू घालायचं, आणि मग सात पिढ्या त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तुझ्या साहेबांचं तीन वर्षांत भागतं म्हणजे बिचारे गरीबच आहेत." आईनं डोळे वटारले, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. त्या दिवसापासून वर मुक्कामाला कोणी आलं की अण्णा मला हळूच विचारायचे, "काय वसू, करार किती वर्षांचा?"

आज माझ्या हातात जो फोन आहे त्यात कोणाचंही कार्ड घाला, चालतो. मुलाला हे लॉक-बिक सांगितलं तर तो म्हणतो, आई, असं कसं लोक ऐकून घ्यायचे? ऐकून घ्यायचे बाबा. दहा हजार एकदम कोणाच्या गाठीला होते? दूधवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे फोन आला तो या पाचशेच्या करारामुळेच. मी विकलेल्या फोनांवरून कित्येकांनी गावी आपल्या माणसांचे आवाज ऐकले, आणि त्याचा मला आजही आनंदच आहे. बांधण्यात वाईट काही नव्हतं. वाईट केलं ते मी.

पितृपक्ष होता. वरच्या दोन्ही खोल्या नामपूरकडच्या मंडळींनी भरलेल्या, शिवाय ओसरीवर चार जण. अण्णा सकाळपासून घाटावर. श्राद्धाच्या दिवशी विधी होईपर्यंत पोटात काही नाही, त्यामुळे ज्यांचा नंबर दुपारी होता ती मंडळी भुकेली आणि रिकामी बसलेली. मी त्यांना फोन दाखवला. दगाजी आबांनी तो कानाला लावला, मी जिन्यावर जाऊन घरच्या फोनवरून त्यांच्याशी बोलले, आणि आबा माझ्याकडे बघतच राहिले. "माय, तू तठे शे अन् आठे बी शे," ते म्हणाले. अकरा जणांनी फोन घेतला. दुकानात आठवड्याला अकरा विकले तर साहेब सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायचे, आणि मी तर एका दुपारीत विकले होते.

अर्जात स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, पत्ता, वय हे सगळं लागायचं. एकेकाला विचारत कोण बसणार? मी नामावळी काढली. बासन सोडलं, नामपूरची पानं उघडली आणि बघून-बघून भराभर अकरा अर्ज भरले. मंडळींनी मी बोट ठेवलं तिथे सह्या केल्या, अंगठे दिले. अण्णांनी बोट ठेवलं की जसे द्यायचे, तसेच, एक अक्षर न वाचता. अर्जात एक चौकट होती, गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर नेटवर्क आहे का. नामपूरला टॉवर नव्हता. दिवाळीपर्यंत येईल असं साहेब म्हणाले होते. मी अकराही अर्जांवर 'होय' वर खूण केली, आणि अण्णा यायच्या आत बासन बांधून वह्या जागच्या जागी ठेवल्या. बासनाची गाठ जरा वेगळी पडली होती, ते मला तेव्हाही दिसलं होतं.

दिवाळी झाली. टॉवर आला, पण दुसऱ्याच कंपनीचा. नामपूरच्या बाजारात लोक त्या कंपनीची कार्डं घालून सटाण्याला, मालेगावला कांद्याचे भाव विचारू लागले. आमच्या अकरा यजमानांचे फोन मात्र देव्हाऱ्यातल्या टाकासारखे गप्प. बिल तेवढं दर महिन्याला यायचं. मार्गशीर्षात एके दिवशी सकाळी दगाजी आबा एकटेच आले. कांदे नव्हते. हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यात अकरा फोन.

"गुरुजी, फोन चांगला शे, पन लागस नही," ओसरीवर टेकत ते अण्णांना म्हणाले. "दुसरं कार्ड घाला म्हणलं, तं घालता येस नही. बिल मात्र येस."

अण्णा गोंधळले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "आबा, मग दुकानात जायचं ना. कंपनीला सांगायचं."

"आम्ही कंपनीले वळखत नही," आबा शांतपणे म्हणाले. "तुमले वळखतस. पोरीनं वही काढी, वही पाहीसन लिव्हं. वही पाहीसन लिव्हं म्हनजे तुमनंच लिव्हं ना, गुरुजी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते उठले, कोनाड्यातून नामावळी काढली, बासनाच्या गाठीवर बोट फिरवलं आणि परत ठेवली. आबांना जेवायला बसवलं, स्वतःही बसले, पण त्या दिवशी त्यांनी ताक मागितलं नाही. अण्णांनी ताक मागितलं नाही म्हणजे काय, ते आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळायचं. नामपूरची चाळीस घरं होती आमच्याकडे. सात पिढ्यांत एकाही घरानं आमच्याकडून मान फिरवली नव्हती, आणि आता मी त्यांना फिरवायला लावणार होते.

जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "चल, दुकान दाखव तुझं."

काचेच्या दरवाजातून अण्णा आत आले ते अजून डोळ्यांसमोर आहे. धोतर, उपरणं, कपाळाला गंध, खांद्याला फोनांची पिशवी, मागे फेटेवाले आबा आणि त्यांच्यामागे निळ्या टी-शर्टातली मी. आमचे साहेब मुंबईचे, चाळिशीचे, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका, हँडसेट फुकट नाही हो," ते म्हणाले. "कंपनीनं पुढचे पैसे आधीच घातलेत यात. तीन वर्षं बिल आलं तर ते निघतात. लॉक नसतं तर लोक फोन आमचा घेतील आणि बोलतील दुसरीकडून. मग आम्ही दुकान बंद करायचं का?"

"बरोबर आहे तुमचं," अण्णा म्हणाले. साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. "बांधण्याला नावं ठेवायला मी आलो नाही. मीही बांधूनच खातो. पण साहेब, माझ्या दारी आलेल्या माणसाच्या बापाचे पिंड मी पाडले नाहीत, आणि दुसऱ्यालाही पाडू दिले नाहीत, तर त्याला काय म्हणायचं? ज्याला बांधलं त्याचं काम तरी केलं पाहिजे. काम होत नसेल तर सोडलं पाहिजे."

साहेबांनी अर्जांची फाइल मागवली. एकेक अर्ज उलटून बघितला. "इथे नेटवर्क आहे असं लिहिलंय. खाली यांची सही आहे. मी काय करू सांगा. यांनी स्वतः होय म्हटलंय."

आबांना काही समजेना. ते अण्णांकडे बघू लागले आणि अण्णा समोरच्या भिंतीकडे. माझ्याकडे बघायचं त्यांनी मुद्दाम टाळलं, हे मला तेव्हाच कळलं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, माझ्या मैत्रिणी होत्या. गप्प राहिले असते तर नोकरी राहिली असती आणि अकरा घरांनी तीन वर्षं मुक्या फोनांचं बिल भरलं असतं.

"ती खूण मी केली आहे," मी म्हणाले. "सगळ्या अकरा. यांना मी विचारलंच नाही. टॉवर नाही हे मला माहीत होतं."

साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले की अर्ज आमच्या माणसानं खोटा भरला असेल तर करार मुळापासून रद्द होतो, फोन परत घेता येतात आणि आलेलं बिलही सोडता येतं. पण तसं लेखी लागेल, आणि ज्यानं लेखी दिलं त्याला मी ठेवू शकणार नाही. मी कागद मागून घेतला. अकरा अर्जांची अकरा पत्रं लिहायला मला तासभर लागला. तेवढा वेळ अण्णा आणि आबा समोर बसून होते, आणि आबा अण्णांना एसी कुठून येतो ते विचारत होते. शेवटच्या पत्रावर सही करून मी उठले. मैत्रिणीची ओढणी मागून खांद्यावर घेतली, कारण टी-शर्ट दुसऱ्या दिवशी धुऊन परत करायचा होता आणि तो घालून रस्त्याने जायची मला लाज वाटत होती.

बाहेर आल्यावर कोपऱ्यावर रसवंती होती. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारे अण्णा सरळ बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "तीन रस. आलं-लिंबू घालून." आम्ही तिघांनी रस प्यायला. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालू होता. अण्णांनी मिशी पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस." एवढंच. पण घरी गेल्यावर त्यांनी ताक मागून दोन वाट्या प्यायलं, आणि आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उगीचच हसत राहिली.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण दुसऱ्या दिवसापासून अण्णा दुपारी नामावळी घेऊन बसू लागले. दगाजी आबांच्या कुळाचं पान उघडायचं आणि खापरपणज्यापासून एकेक नाव कोऱ्या कागदावर उतरवायचं, मोत्यासारख्या अक्षरात. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "कंपनीनं सोडलं त्यांना. आपण अजून सोडलेलं नाही. वहीच्या जोरावर त्यांची फसवणूक झाली. आता त्यांना वाटलं, दुसऱ्याकडे जावं, तर हातात वंशावळ हवी. नाहीतर ते तरी काय, लॉकच की." उपाध्यानं स्वतःच्या हातानं यजमानाला वंशावळ उतरवून देणं म्हणजे आमच्याकडे दुकानाची किल्ली देण्यासारखं आहे. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण ती नको म्हणाली नाही. शाई वाळेपर्यंत कागदाला वारा तिनंच घातला.

आठवड्यानं अण्णा आणि मी एसटीनं नामपूरला गेलो. अण्णांची यजमानाच्या गावी जायची ही पहिलीच वेळ. आबांच्या अंगणात बाज टाकली होती, कांदा साठवायच्या चाळीतून वास येत होता आणि आबांच्या सुनेनं खापरावर मांडे घातले होते, रुमालासारखे पातळ. अण्णांनी आधी रद्द झालेल्या करारांचे कागद दिले. मग वंशावळीची सुरळी आबांच्या हातात ठेवून म्हणाले, "आबा, ही तुमची. आता तुम्ही मोकळे. रामकुंडावर ज्याच्याकडे जाल त्याला हे दाखवा, तो तुमचं करील. बाकीच्या दहा घरांनाही लिहून देतो." मी खाली बघत होते. हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं.

आबांना वाचता येत नव्हतं. मुलानं नावं वाचून दाखवली, शेवटचं नाव त्याचंच होतं. आबांनी सुरळी पुन्हा गुंडाळली, आत जाऊन देव्हाऱ्यात ठेवली आणि परत येऊन म्हणाले, "बसा गुरुजी, मांडा गार व्हई ऱ्हायना." परततानाच्या एसटीत माझ्या पायाशी कांद्याचं पोतं होतं. या खेपेला चातुर्मास नव्हता.

भाद्रपद आला तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नामपूरची गाडी दुपारी येते. मी जिन्यावर उभी राहून गल्ली बघत होते. आधी पोतं दिसलं, मग पोतं डोक्यावर घेतलेला आबांचा मुलगा, मग आबा. आईनं आतूनच विचारलं, "आले का गं?" "आले," मी म्हणाले.

आता अण्णा नाहीत, आबाही नाहीत. घाटावरचं चुलतभाऊ बघतो. नामावळी मी लिहिते, अण्णांनी जाण्याआधी ती माझ्या हातात दिली. "गाठ तुझीच बांध, ओळखू येते," एवढं म्हणाले होते. गेल्या पितृपक्षात आबांचा नातू आला. कांदे, बायको, कडेवर सहा महिन्यांची मुलगी, आणि माझ्या फोनपेक्षा दहा पटींनी महाग फोन, तो म्हणे हप्त्यांवर घेतलाय. मी त्यांच्या कुळाचं पान उघडलं, मुलीचं नाव लिहिलं, सहीसाठी बोट ठेवलं. त्यानं थांबवलं. पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेली एक सुरळी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. अण्णांचं मोत्यासारखं अक्षर, आणि त्याखाली त्याच्या वडिलांच्या हातची पुढची नावं.

"आक्का, आठे बी लिव्हा," तो म्हणाला. "आजोबानं सांगेल शे, दोन्हीकडे लिव्हानं."

मी दोन्हीकडे लिहिलं.